एकाच वयाची दोन

जुळी मुलं घेऊन साताऱ्यात राजवाड्यासमोर किंवा सांगलीत गणपती पेठेत पाच मिनिटं उभं राहिलं, की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक असतं, "बरं झालं, एकदाच उरकलं!" दुसरं जरा आवाज खाली आणून विचारलेलं असतं, "दुप्पट ताप असेल ना हो?" पहिलं वाक्य बोलणाऱ्याच्या घरी जुळी झालेली नसतात, एवढं खात्रीनं सांगता येतं. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर हिशेब मांडूनच द्यायला हवं.

लंगोट, बूट, दूध हे दुप्पट लागतं. खिशाला चाट बसते, पण त्यात न कळण्यासारखं काही नाही. काही कामं तर दुप्पट होतही नाहीत. मऊ भात दोघांना पुरेल एवढा शिजवायला कुकरात मूठभर तांदूळ जास्त पडतात, वेळ तेवढाच लागतो. आंघोळीचं पाणी एकदाच तापतं. मग तीन वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन मुलांच्या आईपेक्षा जुळ्यांची आई इतकी थकलेली का दिसते? कारण धाकटं वर्षाचं असताना थोरलं चार वर्षांचं असतं. "थांब जरा" म्हटलं की ते थांबतं, कुरकुरतं, पण थांबतं. सांगितलं तर पावडरीचा डबाही आणून देतं. जुळ्यांत थांबणारं कुणीच नसतं. दोघांनाही आत्ताच हवं असतं आणि बहुतेक वेळा तेच हवं असतं. अडचण दोन मुलांची तेवढी नाही, ती एकाच वयाच्या दोन मुलांची आहे. झोप, आजारपण, भांडण, बोलणं, कुठलीही तक्रार घ्या, मुळाशी हेच सापडतं.

१. जुळी होतात कशी, आणि किती

एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले, तर एकसारखी जुळी होतात. अशी जुळी जगात सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात, हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास असतात. दोन वेगवेगळी बीजं एकाच वेळी फळली, तर होणारी मुलं चारचौघांसारखी भावंडंच असतात, फक्त एकाच मुक्कामाला वाढलेली. या दुसऱ्या प्रकाराचं प्रमाण आईच्या वयावर, तिच्या माहेरच्या घराण्यावर आणि अलीकडे मूल होण्यासाठी घेतलेल्या उपचारांवर अवलंबून असतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हजार बाळंतपणांमागे ९ जुळी होती, ती २०१० ते २०१५ या काळात १२ झाली. आज जन्मणाऱ्या दर ४२ मुलांमागे एक मूल जुळ्यांपैकी असतं. त्यामुळे गावात जुळी झाली म्हणून बघायला गर्दी होण्याचे दिवस सरत आले आहेत. लोक तरी गर्दी करतात, ती गोष्ट वेगळी.

२. दुपारची दोन तासांची गोष्ट

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल: मोटार एक, वावरं दोन आणि दोन्हीकडची पिकं एकाच दिवशी माना टाकायला लागलेली. अशा वेळी पाणी किती आहे याच्याइतकंच ते कुठल्या पाळीनं सोडायचं, याला महत्त्व येतं. जुळ्यांच्या घरात मोटारीच्या जागी आई असते.

हिशेब करून पाहू. सव्वा-दीड वर्षाची दोन मुलं दुपारी दोन-दोन तास झोपतात. एक बाराला झोपून दोनला उठतं. दुसरं दीडला झोपून साडेतीनला उठतं. दोघंही झोपलीत असा वेळ उरतो दीड ते दोन, म्हणजे अर्धा तास. तेवढ्यात आईनं जेवायचं, भांडी घासायची आणि पाठ टेकायची. आता दोघांनाही साडेबाराला झोपवता आलं, तर मुलांची झोप एक मिनिटानंही कमी होत नाही आणि आईचा अर्धा तास दोन तासांचा होतो. आजीबाई म्हणतात, "एक निजतंय तवर दुसरं उठतंय." हे नशिबाचे भोग वाटतात खरे, पण बऱ्याच अंशी ते वेळापत्रकाचे असतात.

झोप एकत्र आणायची कशी? एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. मूल जितका वेळ जागं राहील तितकी झोपेची गरज साचत जाते. त्याखेरीज शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर आणि जेवणाच्या वेळांवर लागतं. म्हणून झोपवण्याची वेळ धरून बसण्यापेक्षा उठवण्याची वेळ धरावी. सकाळी एक मूल उठलं की थोड्या वेळात दुसऱ्यालाही उठवायचं, पडदा सारायचा, न्याहारी एकत्र द्यायची. "निजलेल्या लेकराला उठवू नये" म्हणून सासूबाईंची यावर हरकत येणार, हे गृहीत धरा. एका लेकरापुरतं त्यांचं म्हणणं ठीक आहे. दीड वर्षाच्या आसपास दिवसातल्या दोन झोपांची एक होते, आणि दोघांची ती एकाच आठवड्यात होत नाही. ते पंधरा-वीस दिवस कुठलंच वेळापत्रक चालत नाही. ते सोसायचे.

औषध देऊन झोपवायचा मोह फार जुना आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत, अशी नोंद १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांविषयी झालेल्या पाहण्यांत आहे. त्या कामगारांत साताऱ्याकडची माणसं पुष्कळ होती. आज अफूच्या जागी सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप येतं. अशा सिरपांतलं एक नेहमीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढला. दोन्ही मुलं रात्री दोनला रडत असताना ही बाटली हाताशी नसलेलीच बरी.

३. जुळ्याचं दुखणं

एकाला ताप आला की दुसऱ्याला येतोच, ही समजूत खरी आहे. मात्र त्यामागे नाळेचा काही गूढ संबंध नाही. दोघांचं वय एक, म्हणून दोघांची प्रतिकारशक्ती एकाच पायरीवर. जो विषाणू एकाला नवा, तो दुसऱ्यालाही नवा. चार वर्षांनी मोठ्या भावानं तो अंगणवाडीत कधीच पचवलेला असतो. शिवाय चमचा एक, खेळणी एक आणि एकाच्या तोंडातलं बिस्किट दुसऱ्याच्या तोंडात.

घराचं कंबरडं मोडतं ते दोघं आजारी पडण्यापेक्षा एकापाठोपाठ एक पडण्यानं. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही काळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. रोटाविषाणूच्या जुलाबांत तो दोनेक दिवसांचा असतो, हात-पाय-तोंडावर फोड येणाऱ्या आजारात तीन ते सहा दिवसांचा, कांजिण्यांत १० ते २१ दिवसांचा. समजा, एका मुलीच्या अंगावर १ तारखेला कांजिण्या उठल्या. दुसरीच्या अंगावर त्या १५ तारखेच्या सुमाराला उठतील. प्रत्येकीचे फोड सुकायला आठवडाभर धरा, म्हणजे महिन्यातले तीन आठवडे आजारपणात आणि आजाराची वाट बघण्यात जातात. घरातल्या दुसऱ्या रुग्णाला कांजिण्या बहुधा जास्तच येतात. साध्या सर्दीचं सांगायचं तर या वयाच्या एका मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. दोघांच्या सर्द्या वेगवेगळ्या वेळी आल्या, तर आकडा बारा ते सोळावर जातो. ज्या घरात "बारा महिने नाक गळतंय" अशी तक्रार असते, तिथे सहसा बिघडलेलं काही नसतं. पाळ्या लागलेल्या असतात, इतकंच.

मग दोघांना वेगळं ठेवावं का? सर्दीत आणि कांजिण्यांत त्याचा फारसा उपयोग नाही, कारण लक्षणं दिसण्याच्या आधीच एकानं दुसऱ्याला प्रसाद दिलेला असतो. जुलाबांत मात्र हात धुणं आणि चमचे-पेले वेगळे ठेवणं यानं फरक पडतो.

या सगळ्यात एक धोका फक्त जुळ्यांच्याच घरात असतो, आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. रात्रीचे अडीच वाजलेत, दोघंही तापलेली, दिवा मंद. आईनं एकीला पॅरासिटामॉल पाजलं आणि दुसरीला घ्यायच्या आत डोळा लागला. तासाभरानं बाबा उठले आणि त्यांनी समोर दिसली तिला पाजलं. ती पहिलीच होती. तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि जुळ्यांची वजनं सारखी असतातच असं नाही, त्यामुळे "दोघींना अर्धा अर्धा चमचा" हा हिशेबही चुकतो. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात नाव, औषध आणि वेळ लिहायची, आणि तीही पाजण्याच्या आधी. लसीकरणाच्या दिवशीही हेच सूत्र. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलांना जीवनसत्त्व अ चे डोस ठरावीक अंतरानं पाजतात. रांगेत सारखे फ्रॉक घातलेल्या दोन मुली असल्या तर एकीला दोनदा आणि दुसरीला एकदाही नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. त्या दिवशी तरी फ्रॉक वेगळे घालावेत आणि दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांच्या हातात द्यावीत.

४. चावा

अंगणात एक पत्र्याचा ट्रॅक्टर आहे. त्याचं एक चाक निघालेलं, म्हणून सकाळपासून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. धाकटा (दहा मिनिटांनी धाकटा) तो उचलतो. थोरल्याच्या हातात अख्खा चेंडू आहे, तो खाली पडतो. आता त्याला ट्रॅक्टर हवा. ओढाओढ, मग एक क्षण शांतता, आणि धाकट्याच्या दंडावर दातांची गोल माळ.

यात दुष्टपणा नाही. दीड वर्षाच्या मुलाला "माझं" ही जाणीव नुकतीच फुटत असते. आरशातलं मूल आपणच आहोत, हे मुलांना साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कळतं. "मी" पक्का होण्याआधी "तू" समजत नाही, आणि दोन्ही समजल्याशिवाय वाटून घेणं जमत नाही. चिडलेल्या मुलाकडे शब्द नसतात, दात असतात. एकुलत्या मुलालाही हे होतं, पण त्याला चावायला बरोबरीचं कुणी चोवीस तास शेजारी नसतं.

म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलांना "दोघांत मिळून खेळा" सांगणं मोठ्यांच्या समाधानापुरतं असतं. जे रोज लागतं, वाटी, पांघरूण, पाणी प्यायचा पेला, ते दोन ठेवावं. सगळीच खेळणी दोन आणण्याची गरज नाही, कारण दोन ट्रॅक्टर आणले तरी भांडण दुसऱ्याच्याच हातातल्या ट्रॅक्टरवरून होणार. चावल्यावर आधी ज्याला चावा बसला त्याला जवळ घ्यावं, चावणाऱ्याला "चावायचं नाही, दुखतं" एवढंच सांगावं आणि विषय बदलावा. मोठा आरडाओरडा झाला की चावणाऱ्याला सगळ्या घराचं लक्ष मिळतं आणि ते त्याला आवडतं. "तूही चाव त्याला, म्हणजे कळेल" हा काही घरांतला न्याय कृपा करून बंद करावा.

५. उशिरा फुटणारं बोलणं

जुळ्यांच्या आईबापांना सर्वांत जास्त घोर लागतो तो याचा. शेजारचं दोन वर्षांचं मूल "बाबा गेला", "दूद दे" म्हणतं आणि आपली दोघं अजून बोटं दाखवतात. जुळी सरासरीनं थोडी उशिरा बोलतात, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा तपास केला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेला त्यांनी मोठ्या चतुराईनं अशी घरं घेतली, जिथे दोन मुलं अडीच वर्षांच्या आत पाठोपाठ झाली होती. म्हणजे दोन्हीकडे मुलं दोन आणि लहान, फरक फक्त वयाच्या अंतराचा. त्यात २० महिन्यांची जुळी बोलण्यात सरासरी पावणेदोन महिन्यांनी आणि तीन वर्षांची जुळी तीन महिन्यांनी मागे दिसली. बाळंतपणातल्या अडचणींशी याचा संबंध लागला नाही. संबंध लागला तो आई मुलाशी कसं आणि किती बोलते, याच्याशी.

कसं, ते पाहू. समजा, आई भाजी निवडताना एका मुलाशी बोलते आहे. मूल शेंगेकडे बोट दाखवतं. ती म्हणते, "शेंग. गवारीची शेंग. तुला हवी? घे, मोड." मूल मोडतं. "मोडली!" एका वस्तूवर चार-पाच वाक्यं झाली, तीही मूल जिकडे बघतंय त्याच वस्तूबद्दल. आता शेजारी दुसरं मूल आहे आणि त्यानं विळी धरलीय. आईचं वाक्य "शेंग" वर तुटतं आणि "अरे, अरे, ठेव ते!" होतं. दिवसभर आई बोलतच असते, पण त्यातलं बहुतेक बोलणं दोघांना मिळून असतं आणि ते हुकमाचं असतं: चला, बसा, सोड, नको. नाव आणि वस्तू यांची गाठ मारणारं बोलणं अर्ध्याहून कमी होतं.

त्यात दोघांना एकमेकांचं सगळं न बोलता कळतं. एकानं "बा" म्हटलं की दुसरा पाण्याचा पेला आणतो. मग "पाणी" म्हणायची गरज कुणाला? यालाच लोक जुळ्यांची गुप्त भाषा म्हणतात. बहुतेक वेळा ती मोठ्यांचीच भाषा असते, फक्त अर्धी उच्चारलेली आणि दोघांनी मिळून पक्की केलेली. सोव्हिएत रशियात अलेक्सांद्र लुरिया आणि फ. युदोविच यांनी पाच वर्षांच्या अशाच एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास केला. दोघांचं बोलणं फार मागे होतं. त्यांना बालवाडीत दोन वेगळ्या गटांत घातलं. आता समोरचं मूल "बा" वर समजून घेईना. तीन महिन्यांत दोघंही सरळ बोलू लागले.

इथे सातारा-सांगलीकडच्या घरांना एक सोय आहे, तिचा वापर मात्र हवा तसा होत नाही. आजी, आजोबा, काकू, आत्या अशी माणसं असतात, पण ती दोघांना मिळून सांभाळतात. त्याऐवजी रोज पंधरा मिनिटं एक मूल एका माणसाकडे असावं. आजोबांनी एकाला गोठ्यात न्यावं, म्हैस, वैरण, शेण, पाणी, सगळ्यांची नावं घ्यावीत. काकूनं दुसरीला दळण आणायला न्यावं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. जुळ्यांच्या घरात बापाला "मदत" करून भागत नाही, रोज ठरल्या वेळी एक मूल पूर्णपणे त्याच्या अंगावर असावं लागतं. आणि हाक मारताना नावं दोन. "अरे जुळ्यांनो" यावर दोघंही ओ देतात आणि आपलं नाव कुठलं, हे कळायला त्यांना आणखी वेळ लागतो.

जत तालुक्यात, जिथे घरात कन्नड आणि रस्त्यावर मराठी असते, तिथे दोन भाषांना दोष देतात. तो चुकीचा आहे. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. दोन वर्षं पूर्ण झाली तरी पन्नासएक शब्द नाहीत आणि दोन शब्दही जोडले जात नाहीत, तर "जुळी उशिराच बोलतात" म्हणून गप्प बसू नये. आधी ऐकू येतंय का, ते तपासून घ्यावं.

६. द्राक्षं, हौद आणि पूर

तासगाव, पलूस, मिरजेकडे जानेवारीपासून घरोघरी द्राक्षं येतात. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. चार वर्षांपर्यंत ते उभं, चार फोडी करूनच द्यावं. भडंगातले शेंगदाणेही याच यादीत. एकाला आपण बघून देतो, पण तो आपल्यातलं उचलून दुसऱ्याला भरवतो. म्हणून नियम पानावरचा नको, घरातला हवा: पोरं जागी असताना वाटी खाली ठेवायची नाही.

बागेच्या फवारणीची औषधं घरात असतील तर ती कुलपात. एक मूल फळीपर्यंत पोचत नाही, दोन पोचतात. एक पाट ओढून आणतं आणि दुसरं चढतं. बादलीतलं दोन-चार इंच पाणीसुद्धा या वयाला जीवघेणं आहे, म्हणून हौदाला झाकण आणि बादली पालथी.

माणसं भरपूर असलेल्या घरात घात होतो तो "मला वाटलं तुझ्याजवळ आहे" यानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले आणि माणसं होड्यांतून बाहेर काढावी लागली. नदीकाठच्या घरात जुळी असतील, तर कुणी कुणाला उचलायचं, हे जूनमध्येच नावानिशी ठरवून ठेवावं. लग्नाच्या मांडवातही हेच.

७. तराजू

दोन एकाच वयाची मुलं समोर असली की तुलना होतेच. "ही चालायला लागली, तो अजून रांगतोय." दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्मी चिंता जाते. पहिली, जुळी पुष्कळदा दिवस भरण्याआधी जन्मतात. ४० ऐवजी ३४ आठवड्यांत जन्मलेली मुलं आज १४ महिन्यांची असतील, तर सहा आठवडे वजा करून त्यांच्याकडून साडेबारा महिन्यांच्या मुलांएवढीच अपेक्षा धरावी. दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी करतात. दुसरी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार निरोगी मुलं आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही आधाराशिवाय चालू लागतात. साडेनऊ महिन्यांची ही मुभा दोघांनाही आहे.

वजनात मात्र तुलना बाजूला ठेवून प्रत्येकाची रेघ स्वतंत्र बघावी. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेबारा सेंटीमीटरच्या खाली गेला तर लक्ष घालायला हवं, साडेअकराच्या खाली गेला तर ताबडतोब दवाखाना. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन अपत्यांची अट मोजताना, एका मुलानंतर झालेली जुळी कायदा एकच धरतो. अंगणवाडीताईच्या वहीत मात्र दोन ओळी असतात, आणि एकाच्या धष्टपुष्टपणात दुसऱ्याचं घटलेलं वजन झाकलं जाऊ नये म्हणून त्या दोन असाव्याच लागतात.

८. एसटीनं जाताना

जोडबाबागाडी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर आणि एसटीच्या दारात सारखीच निरुपयोगी. एक झोळीत, एक कडेवर, नाहीतर दोन माणसं. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही आणि म्हणून हक्काचं आसनही नाही. एकाच्या आईला ही सवलत वाटते, जुळ्यांच्या आईला कराड ते विटा दोन्ही मांड्यांवर दोन झोपलेली मुलं घेऊन बसावं लागतं. हात मोकळा नसल्यानं पाण्याची बाटली आधीच झाकण सैल करून ठेवलेली असावी आणि पिशवी पायाशी, फळीवर नको. पुढे पाच वर्षं झाली, की दोघांचं अर्धं तिकीट एकाच दिवशी सुरू होतं.